रूनचा अर्थ विचारताना त्या अर्थाचं वयही विचारा

माझा भाचा मास्टर्ससाठी जर्मनीला निघाला होता, व्हिसा आलेला, बॅगा भरायचं चालू, आणि त्या गडबडीत त्याने मला एक चित्र पाठवून विचारलं, मावशी हा टॅटू काढून घेतोय, तू हे रून्सचं वाचत असतेस ना, अर्थ बरोबर आहे का बघ फक्त. चित्रात रून्सची, म्हणजे उत्तर युरोपातल्या एका जुन्या लिपीतल्या अक्षरांची, २४ चिन्हं, प्रत्येकाखाली नाव आणि दोन-तीन शब्दांत अर्थ, आणि शेवटच्या ओळीतल्या एका चिन्हाभोवती त्याने लाल गोल केलेला. ओथाला. खाली लिहिलं होतं, पूर्वजांचा वारसा, घर, मुळं. घर सोडून पहिल्यांदाच एवढ्या लांब चाललेल्या पोराला नेमकं तेच आवडलं होतं, ते वाचून मला भरूनच आलं. तरी मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, हे नको रे काढूस.

ओथाला, जर्मनीत ज्याला ओडाल म्हणतात, ते दुसऱ्या महायुद्धात एसएसच्या, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाच्या, प्रिन्झ ऑयगेन डिव्हिजनचं चिन्ह होतं, युद्धानंतर विकिंग युगेंड नावाच्या नवनाझी तरुणांच्या संघटनेने ते उचललं, त्या संघटनेवर १९९४मध्ये बंदी आली, आणि बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हं चारचौघांत मिरवणं हा तिथे दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे. आता प्रत्येक ओडाल गुन्हा ठरतोच असं नाही, संदर्भ बघतात, पण ट्राममध्ये शेजारी बसलेल्या माणसाला संदर्भ कोण समजावत बसणार. त्या चित्रात यातला एक शब्द नव्हता. आणि अडचण अशी की चित्रातला अर्थ चूकही नव्हता, ओथाला म्हणजे कुळाची वडिलोपार्जित जमीन हे भाषेच्या अभ्यासकांनाही मान्य आहे. मधली शंभर वर्षं तेवढी गाळली होती.

तेव्हापासून मला वाटतंय की यावर लिहायला हवं, कारण आपल्याकडे टॅरोच्या जोडीने रून रीडिंगही सुरू झालंय, कोर्सेस आहेत, दगडांच्या पिशव्या ऑनलाइन मिळतात, आणि सगळीकडे एकच शब्द असतो, प्राचीन. माझी आध्यात्मिक अर्थाला हरकत नाही. कोणी सकाळी एक दगड काढून दिवसाचा विचार करत असेल तर करू दे, मन थाऱ्यावर येत असेल तर चांगलंच आहे. पण एखादा अर्थ इ.स. ४००चा आहे, १३व्या शतकातला आहे, १९०८मधला आहे की १९८२मधला, हे न सांगता सगळ्यांवर प्राचीनचा एकच शिक्का मारायचा याला माझा विरोध आहे, आणि यात प्रश्न नुसत्या अभ्यासाचा नाही, यात माणसं मेलेली आहेत म्हणून आहे.

आधी ही अक्षरं मुळात काय होती ते बघू. डेन्मार्कमध्ये फ्यून बेटावर व्हिमोसेच्या दलदलीत एक कंगवा सापडलाय, साधारण इ.स. १६०चा, त्यावर हार्या असं कोरलंय, बहुतेक कोणाचं तरी नाव. रून्सच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी एक म्हणजे हा केस विंचरायचा कंगवा. सगळी २४ अक्षरं ओळीने लिहिलेली पहिल्यांदा दिसतात ती स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या क्यूल्व्हर दगडावर, साधारण इ.स. ४००. पहिली सहा अक्षरं फ, उ, थ, आ, र, क म्हणून त्या लिपीला फुथार्क म्हणतात, आपण मुलांना कखग शिकवतो म्हणतो तसंच. ही लिपी आकाशातून पडलेली नाही, रोमन किंवा उत्तर इटलीतल्या लिप्यांवरून उत्तरेकडच्या लोकांनी आपल्या हाताला जमेल अशी बेतून घेतली, आणि रेघा सगळ्या उभ्या नाहीतर तिरक्या, कारण लाकडात कोरताना आडवी रेघ लाकडाच्या रेषांतच हरवते. पुढे व्हायकिंग काळात, म्हणजे साधारण ८व्या ते ११व्या शतकात, स्कँडिनेव्हियात अक्षरं कमी होऊन १६ झाली. म्हणजे ज्या २४ दगडांना लोक व्हायकिंग रून्स म्हणून विकत घेतात ती व्हायकिंगांची लिपी नव्हतीच, त्यांच्या आधीची होती.

नॉर्वेमध्ये बर्गनला ब्रुग्गन म्हणून जुना धक्का आहे, तिथे १९५५मध्ये मोठी आग लागली आणि नंतरच्या उत्खननात लाकडाच्या आणि हाडाच्या सहाशेहून जास्त रून लिहिलेल्या वस्तू निघाल्या, मध्ययुगातल्या. त्यात काय आहे तर मालाच्या गाठोड्याला बांधायच्या चिठ्ठ्या, हे अमक्याचं आहे म्हणून, प्रार्थना, प्रेमाचे निरोप, आणि एका काठीवर एवढंच की ग्यूदा म्हणते तू घरी जा. मला ती काठी फार आवडते. सातशे-आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी बाहेर रमलेल्या माणसाला बोलावणं धाडलं, आणि ते लाकडाच्या एका ढलपीवर टिकलं.

म्हणून काही अभ्यासक अगदी दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात की ही निव्वळ लिपी होती, जादूबिदू काही नाही. तेही मला पटत नाही. रून या शब्दाच्या मुळाशीच गूढ, गुपित, कुजबुज असा अर्थ आहे, ४थ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिक या जुन्या युरोपीय भाषेत आणलं तेव्हा ग्रीकमधल्या गूढ या अर्थाच्या शब्दाला त्याने रूना हाच शब्द घातला. डेन्मार्कच्या रीबे गावात माणसाच्या कवटीचा तुकडा सापडलाय, ८व्या शतकातला, त्याला भोक पाडलेलं, त्यावर ओडिन या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या देवाचं नाव आणि वेदना पळवून लावायचा मंत्र वाटावा असा मजकूर. स्वीडनमधल्या ब्योर्केटॉर्पच्या उंच दगडावर हे स्मारक मोडणाऱ्याला शाप आहे. हावामाल या जुन्या नॉर्स काव्यात ओडिन स्वतःला भाल्याने जखमी करून वाऱ्याने हलणाऱ्या झाडाला नऊ रात्री लटकून राहतो, ना भाकर ना पाणी, आणि मग किंचाळत खालून रून्स उचलतो. ज्या लोकांनी हे रचलं त्यांना अक्षर ही साधी गोष्ट वाटत नव्हती. आणि आइसलँडमध्ये १६२५मध्ये योन रोग्न्वाल्डसन नावाच्या माणसाकडे रून्स लिहिलेले कागद सापडले म्हणून त्याला जिवंत जाळलं. तेव्हा शक्ती मानणारे होते, भिणारे होते, हे सगळं खरं. फक्त त्यांनी कुठेही असं लिहून ठेवलेलं नाही की अमुक अक्षर म्हणजे नवी संधी आणि तमुक अक्षर म्हणजे सर्जनशीलता.

भविष्य बघण्याबद्दल तर एकच उतारा सगळे फिरवतात, रोमन इतिहासकार टॅसिटसचा, इ.स. ९८चा, की जर्मॅनिक लोक फळं देणाऱ्या झाडाची फांदी कापून तिचे तुकडे करतात, त्यांवर खुणा करतात, पांढऱ्या कापडावर टाकतात आणि वर आकाशाकडे बघत तीन उचलतात. उतारा सुंदर आहे. पण तो खुणा म्हणतो, अक्षरं म्हणत नाही. यावरून २४ दगडांची आजची पद्धत दोन हजार वर्षं जुनी आहे असं म्हणणं हे एका वाक्याच्या खुंटीवर अख्खं घर टांगण्यासारखं आहे.

मग जुना अर्थ काहीच नाही का? आहे, आणि तो आजच्या पत्त्यांवर छापलेल्या अर्थापेक्षा मला कितीतरी खोल वाटतो. तो रून कवितांमध्ये आहे. तीन कविता हाती आहेत, एक जुन्या इंग्लिशमधली, तिचं हस्तलिखित १७३१मध्ये आगीत जळालं पण १७०५मध्ये छापलेली प्रत होती म्हणून ती वाचली, एक नॉर्वेतली १३व्या शतकातली आणि एक आइसलँडची १५व्या शतकातली. प्रत्येक अक्षराला एक नाव आणि त्या नावावर दोन-तीन ओळी. फेहू, ओथाला ही आज छापतात ती नावं बहुतांशी या कवितांवरून आणि गॉथिक अक्षरांच्या नावांवरून भाषाशास्त्रज्ञांनी मागे मागे जात बांधलेली आहेत, त्या रूपात ती कुठे कोरलेली सापडत नाहीत, म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्या आधी एक चांदणी (*) घालतात, अंदाजाची खूण म्हणून. विकताना ती चांदणी कोणी छापत नाही.

आता पहिलंच अक्षर घ्या, फेहू. अर्थ गुरंढोरं, आणि म्हणून धन. आजच्या यादीत लिहिलेलं असतं समृद्धी, पैसा येणार. नॉर्वेच्या कवितेत काय आहे तर धनामुळे नातलगांत कलह लागतो आणि लांडगा रानात वाढतो. म्हणजे भाऊबंदकी. ज्याच्या घरात जमिनीच्या वाटण्या झाल्यात त्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. जुन्या इंग्लिश कवितेत तेच अक्षर म्हणतं की धनाने सगळ्यांनाच दिलासा मिळतो, पण ते हात सैल सोडून वाटावं लागतं. गारांच्या अक्षराबद्दल नॉर्वेची कविता म्हणते गारा म्हणजे सगळ्यात थंड धान्य. गारपिटीने झोपलेला गहू ज्याने पाहिलाय त्याला या ओळीने काटा येईल, आकाशातून दाणे पडतायत आणि तेच खालचे दाणे संपवतायत. बर्फाच्या अक्षराला म्हणते बर्फ म्हणजे रुंद पूल, आंधळ्याला मात्र हाताला धरून न्यावं लागतं. यात कुठेही आजचा दिवस शुभ असं नाही. पूल आहे आणि तो निसरडाही आहे, दोन्ही एका दमात सांगितलंय. मला विचाराल तर अध्यात्म इथे आहे, गारा, गुरं, बर्फ, पीक, घोडा, प्रवास, या रोजच्या गोष्टींकडे इतकं रोखून बघण्यात.

आणि बघा, क उच्चाराच्या अक्षराचं काय केलंय. इंग्लिश कवितेत त्याचं नाव मशाल, पण नॉर्वे आणि आइसलँडच्या कवितांत त्याचं नाव गळू, आणि ओळ अशी की गळू पोरांच्या जिवावर उठतं. लहान मुलं दगावायची त्या काळातलं दुःख आहे ते. आजच्या पुस्तकांनी मशाल घेतली, तिचा अर्थ प्रेरणा, पॅशन केला, आणि गळू बहुतेक ठिकाणी गाळून टाकलं. पेर्थ्रो नावाच्या अक्षराचा तर अर्थच आजवर नक्की लागलेला नाही, इंग्लिश कवितेत एवढंच की मद्याच्या दालनात बसलेल्या योद्ध्यांची ती करमणूक आहे, आणि आज त्याचा अर्थ सांगतात नियती, गर्भाशय, दडलेली रहस्यं. जिथे रिकामी जागा दिसली तिथे आपल्याला हवं ते भरलंय. उलटा पडला तर उलटा अर्थ, हेही तसंच, जुन्या कोरीवकामात अक्षरं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, कधी उलटीसुद्धा कोरलेली असतात आणि त्याने वाचण्यात फरक पडत नाही.

एक गोष्ट आपल्या भाषेशी खरंच जोडलेली आहे म्हणून सांगते. फेहू हा शब्द आणि आपला पशू हा शब्द एकाच मुळातून आलेत, तिकडच्या भाषांत प चा फ झाला, जसं पाद आणि फूट, पितृ आणि फादर. एहवाझ म्हणजे घोडा, आपला अश्व. मान्नाझ म्हणजे माणूस, आपला मनु. टिवाझ हे त्यांच्या एका देवाचं नाव, आपल्या देव या शब्दाचा सख्खा चुलतभाऊ. आपल्याकडे शेतकरी अजून गुरांना लक्ष्मी म्हणतो आणि तिकडे गुरांचा शब्दच धनाचा शब्द झाला, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण चुलतभाऊ म्हणजे मुलगा नव्हे. यावरून रून्स संस्कृतमधून निघाले असे मेसेज फिरायला लागतात, ते चुकीचं आहे, दोन्ही भाषा एका तिसऱ्या, त्यांच्याही आधीच्या भाषेच्या लेकी आहेत. आणि असल्याच आम्हीच मूळ, आम्हीच शुद्ध या हट्टाने रून्सचं पुढे काय झालं ते आता सांगते.

व्हिएन्नात गुइडो फॉन लिस्ट नावाचा लेखक होता. १९०२मध्ये त्याच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि कित्येक महिने त्याला दिसत नव्हतं, त्या अंधारात आपल्याला रून्सचं रहस्य उमगलं असं त्याने सांगितलं, आणि १९०८मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्याची रून्स १८, हावामालमध्ये ओडिन १८ मंत्र सांगतो म्हणून. अशी १८ अक्षरांची लिपी त्याआधी कधीच कोणी वापरलेली नव्हती. पण त्यात आर्य वंशाचं, गुप्त पुरोहितांचं, हरवलेल्या शुद्धतेचं सगळं होतं आणि त्या वेळच्या लोकांना ते हवंच होतं. सोविलो हे सूर्याचं अक्षर, आपल्या सूर्य शब्दाचा नातलग, त्याला लिस्टने सिग म्हटलं आणि सिग म्हणजे विजय केलं. पुढे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका ग्राफिक डिझायनरने दोन सिग शेजारी शेजारी ठेवली आणि ते एसएसचं बोधचिन्ह झालं. छळछावण्या चालवणाऱ्या संघटनेचं चिन्ह होतं ते हे. जीवनाचं रून आणि मृत्यूचं रून ही जोडीही लिस्टच्याच पठडीतली, नाझी काळात मृत्यूच्या बातम्यांत जन्मतारखेआधीचा तारा आणि मृत्यूच्या तारखेआधीचा क्रूस काढून ही दोन चिन्हं घालायला लागले. आज कोणी अल्गिझ नावाचं तेच अक्षर सरळ म्हणजे रक्षण आणि उलटा म्हणजे मरण असं सांगतं तेव्हा ती सावली त्यात आहे, सांगणाऱ्याला माहीत नसली तरी. रून्सची आसनं शिकवणारा मार्बी नावाचा एक जर्मन माणूस स्वतः वंशवादी होता, तरी नाझींना आपल्या परवानगीशिवाय रून्स शिकवणारं कोणी नको होतं, १९३६मध्ये त्याला पकडलं आणि १९४५पर्यंत तो छावण्यांत होता.

नंतर १९८२मध्ये अमेरिकेत राल्फ ब्लम यांनी दगडांसकट एक पुस्तक काढलं, त्यात २४ अक्षरांच्या जोडीला एक कोरा दगड होता, तो नियतीचा म्हणे. कोऱ्या रूनचा इतिहासात एकही पुरावा नाही, आणि कोरं अक्षर म्हणजे काय हेच मला कळत नाही. पण आजच्या बऱ्याच पिशव्यांत २५ दगड असतात. आणि व्हेगव्हिसिर नावाचं ते गोल होकायंत्रासारखं चिन्ह, ज्याला व्हायकिंग होकायंत्र म्हणून पुण्यामुंबईतल्या टॅटूच्या दुकानांत सुद्धा दाखवतात, ते रून नाही आणि व्हायकिंगांचंही नाही, आइसलँडच्या १८६०च्या एका हस्तलिखितातलं आहे. म्हणजे आपल्या १८५७ नंतरचं.

यावर मला एकजण म्हणाले, अहो अर्थ बदलतातच, परंपरा माणसंच बनवतात, ज्याला बरं वाटतं त्याला वाटू द्या. यातलं पहिलं अर्धं मला मान्यच आहे. आइसलँडमध्ये १९७२मध्ये काही लोकांनी जुन्या देवांची उपासना करणारी संस्था स्थापली, पुढच्या वर्षी सरकारने तिला मान्यता दिली, तिचा पहिला प्रमुख शेतकरी आणि कवी होता. आपली उपासना अखंड हजार वर्षं चालत आलेली आहे असा त्यांचा दावा नाही, जुन्या कविता वाचून आपण नव्याने सुरू केलंय हे ते मोकळेपणी मान्य करतात, आणि वंशवाद्यांशी आपला संबंध नाही हेही त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. नवं असणं हा दोष नाहीच. नवं असून जुनं म्हणवून घेतलं की मधला हिशोब कोणी विचारत नाही, आणि त्या मधल्याच हिशोबात एसएस आहे.

आपल्याला तर हे पटकन समजायला हवं, कारण स्वस्तिकाचं आपल्यासोबत हेच झालंय. परदेशात राहणारी मराठी माणसं दारावर स्वस्तिक काढताना दहा वेळा विचार करतात, शेजाऱ्यांना समजावतात की हे आमचं मंगलचिन्ह आहे, आणि समोरच्याने ऐकून घ्यावं अशी आपली अपेक्षा असते, ती रास्त आहे. लिस्टच्या मांडणीत स्वस्तिकही होतं, एकाच माणसाच्या टेबलावर स्वस्तिक आणि रून्स दोन्ही होती. मग आपण ओडाल हातावर गोंदवून त्याच देशात जाताना समोरच्याच्या आज्याचं काय झालं असेल हा विचार आपणही करायला हवा. ऐकून घेण्याची अपेक्षा दोन्ही बाजूंनी आहे.

म्हणून सरसकट बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदी संघटनेवर घालावी, अक्षरावर घातली तर ते चिन्ह कायमचं त्यांचंच झालं, ब्रुग्गनच्या ग्यूदाचं काहीच उरलं नाही. जर्मनीने दोन सिगवर कडक राहावं हे मला योग्य वाटतं, २०२४मध्ये तिथल्या फुटबॉल टीमच्या जर्सीवर ४४ हा आकडा त्या चिन्हासारखा दिसतो म्हणून आदिदासने त्या नंबरची विक्री थांबवली, काहींना ते अती वाटलं, मला नाही वाटलं. पण सूर्याचं एकटं अक्षर, गारांचं अक्षर, घोड्याचं अक्षर, ही परत मिळवायची तर ती शिकूनच मिळतील. शिकवणाऱ्यांनी फी घेताना प्रत्येक अर्थापुढे साल लिहावं, एवढी माझी मागणी आहे. नॉर्वे, १३वं शतक. व्हिएन्ना, १९०८. अमेरिका, १९८२. मग ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा.

आइसलँडच्या एगिलच्या सागामध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथेत, एक प्रसंग आहे. एगिल एका शेतकऱ्याच्या घरी उतरतो, तिथली मुलगी कित्येक दिवस आजारी असते. तो तिचं अंथरूण उचलून बघतो तर खाली देवमाशाचं हाड, त्यावर रून्स कोरलेली. शेजारच्या एका पोराने तिला बरं वाटावं म्हणूनच, की तिचं मन वळावं म्हणून, कोरलेली, पण त्याला नीट येत नव्हती आणि चुकीची पडली होती, त्यानेच दुखणं वाढलं होतं. एगिल ती अक्षरं खरवडून काढतो, कीस जाळतो, नवी कोरून तिच्या उशाखाली ठेवतो. मुलगी उठून बसते. तो म्हणतो, नीट वाचता येत नसेल त्याने रून्स कोरू नयेत. हे मात्र खरंच जुनं आहे, १३व्या शतकातलं.

भाच्याला मी हाच प्रसंग सांगितला होता. त्याने टॅटू काढला नाही, थोडा हिरमुसला, निघताना काही बोलला नाही. मागच्या महिन्यात तो उत्तरेला श्लेस्विगजवळ हेडेबीच्या संग्रहालयात गेला होता, तिथून त्याने एका दगडाचा फोटो पाठवला. १०व्या शतकातला दगड, आस्फ्रिद नावाच्या आईने आपल्या मुलासाठी, सिगट्रिग राजासाठी, उभा केलेला. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, मावशी, एकेक अक्षर लावून बघितलं, बोर्ड न वाचता तिचं नाव मला लागलं.